मशेरी

मशेरी (अन्य रूपे: मिश्री, मिशेरी, मिशरी) म्हणजे तंबाखूची पाने काळी होईपर्यंत भाजून व कुटून केलेली पूड होय. ती बोटाने दातांना व हिरड्यांना चोळतात. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मुंबई व ठाणे परिसर येथे तिचा वापर मुख्यतः स्त्रिया करतात. दात घासण्याचे साधन म्हणून सुरू होणारी ही सवय पुढे दिवसातून अनेकदा लागणाऱ्या तलफेचे रूप घेते; तिच्यामागील कारण तंबाखूतील निकोटिन हे आहे. तरीही मशेरी लावणारी स्त्री स्वतःला व्यसनी समजत नाही आणि घरातील माणसेही तिला तसे समजत नाहीत. दारू, विडी किंवा गुटखा यांच्या वाट्याला येणारी निंदा मशेरीच्या वाट्याला क्वचितच येते. घरी राहून मुले वाढवणाऱ्या मातांमध्ये हे व्यसन पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहण्याचे हेच प्रमुख कारण मानावे लागते.

नाव

हिंदीत ‘मिश्री’ म्हणजे खडीसाखर. तिचा या पदार्थाशी काहीही संबंध नाही. दात काळे करण्यासाठी उत्तर भारतात व दख्खनमध्ये ‘मिस्सी’ नावाची पूड वापरली जात असे, आणि महाराष्ट्रातही विवाहित स्त्रिया हिरडा इत्यादींपासून केलेले काळे दातवण लावीत. मिशरी हा शब्द या मिस्सीची आठवण करून देतो. दातवणात तंबाखू नसे. तंबाखूची वनस्पती पोर्तुगिजांमार्फत भारतात आली व सतराव्या शतकात तिचा प्रसार झाला. तेव्हा भाजलेल्या तंबाखूची पूड ही दातवणाच्या मानाने अलीकडची गोष्ट आहे. काळा रंग, बोटाने लावण्याची रीत आणि ‘दातांसाठी चांगले’ ही समजूत या तिन्ही गोष्टी मात्र जुन्या दातवणाप्रमाणेच आहेत.

तयार करण्याची रीत

वाण्याकडे सुटी मिळणारी काळ्या तंबाखूची पाने तव्यावर, पत्र्यावर किंवा खापरावर टाकून मंद आचेवर भाजतात. पाने सर्व बाजूंनी सारखी काळी पडली की ती हाताने चुरडून किंवा कुटून बारीक करतात व डबीत भरून ठेवतात. भाजताना उठणारा धूर अत्यंत तिखट असतो. चाळीत एका घरी मशेरी भाजली की शेजारच्या दोन-चार घरांना ठसका लागतो. त्यामुळे अनेक स्त्रिया ही भाजणी दुपारी पुरुषमाणसे कामावर असताना, दार उघडे ठेवून करतात. मुले मात्र बहुधा घरीच असतात. बाजारात तयार मशेरीच्या पुड्याही मिळतात, परंतु घरी भाजलेलीच अधिक ‘कडक’ व स्वस्त पडते असे वापरणाऱ्या स्त्रिया मानतात.

भाजल्याने तंबाखूतील निकोटिन नाहीसे होत नाही. उलट पाने करपताना बेंझोपायरीनसारखी, कर्करोगास कारण ठरणारी बहुचक्री संयुगे तयार होतात आणि तंबाखूत मुळात असलेल्या नायट्रोसअमाइन या घातक द्रव्यांत त्यांची भर पडते. मुंबईच्या परळ येथील कर्करोग संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात मशेरीच्या अर्काचे प्राण्यांवर प्रयोग झाले व तो कर्करोगकारक असल्याचे आढळले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. ‘भाजली म्हणजे तिचा दोष गेला’ हा समज त्यामुळे पूर्णतः चुकीचा ठरतो.

सवय कशी जडते

सकाळी उठल्यावर तर्जनीवर चिमूटभर पूड घेऊन ती दातांवर व हिरड्यांवर फिरवायची, काही वेळ तोंडात राहू द्यायची आणि मग चूळ भरायची, अशी मूळची रीत आहे. सुरुवातीला चक्कर येते, मळमळते. आठवडाभरात शरीर सरावते. त्यानंतर जेवण झाल्यावर, दुपारचे काम आटोपल्यावर, संध्याकाळी, रात्री झोपण्यापूर्वी असे करत दिवसातून चार-सहा वेळा मशेरी लावली जाते, आणि प्रत्येक खेपेला ती तोंडात राहण्याचा अवधीही वाढतो. या टप्प्यावर दात घासण्याशी तिचा संबंध नावापुरताच उरतो.

सुरुवात बहुधा घरातच होते. आई किंवा आजी मुलीला मशेरी भाजायला किंवा डबी आणून द्यायला सांगते. मुलगी एकदा बोट लावून पाहते. काही जणींना लग्नानंतर सासूबरोबर किंवा जावांबरोबर ती लागते. दाढदुखी, गर्भारपणातील ओकाऱ्या, बाळंतपणानंतर पोट साफ न होणे ही कारणे सांगितली जातात आणि शेजारीण ‘जरा मशेरी लाव’ असा सल्ला देते. या समजुती सर्वस्वी काल्पनिक नाहीत, आणि येथेच त्यांचे सामर्थ्य आहे. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, भूक मंदावते, काही मिनिटे तरतरी वाटते. परंतु एकदा सवय जडली की मशेरीवाचून सकाळी पोट साफ होत नाही, डोके दुखते, चिडचिड होते. ही वास्तविक निकोटिन न मिळाल्याची लक्षणे असतात. मशेरी लावताच ती थांबतात आणि मशेरी हे औषध असल्याची खात्री पटते. व्यसनाने निर्माण केलेला त्रास व्यसनानेच शमतो, आणि श्रेय मात्र मशेरीला मिळते.

भूक मंदावण्याची बाब विशेष गंभीर आहे. घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या स्त्रीला दुपारची भूक मारण्यासाठी मशेरी सोयीची वाटते. चार वाजता पोटात काही गेलेले नसते, पण डबी कनवटीला असते.

मातांनी घरात वापरलेल्या मादक पदार्थांचा इतिहास पाहताना मुंबईच्या गिरण्यांतील ‘बाळगोळी’चा उल्लेख करावा लागतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गिरणीत कामावर जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलाला अफूची लहान गोळी देऊन झोपवून जात. १९३१ साली अहवाल सादर करणाऱ्या कामगारविषयक रॉयल कमिशनने या प्रथेची दखल घेतली व पाळणाघरांची गरज मांडली. तेथे मादक पदार्थ बाळाला दिला जाई, येथे आई स्वतः घेते, हा भेद आहेच. मात्र दोन्ही ठिकाणी त्याचा उपयोग चैनीसाठी नसून हातातले काम पार पडावे म्हणून झाला, हे साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही.

प्रसार

मशेरीच्या वापराची पहिली मोठी मोजणी पुणे जिल्ह्यात झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातील फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी करून १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रामीण स्त्रियांमधील तंबाखूसेवन मुख्यतः मशेरीच्या रूपाने होते, हे त्यातून प्रथम मोठ्या प्रमाणावर नोंदले गेले. शहरात हे प्रमाण कमी असेल अशी अपेक्षा होती. ती खोटी ठरली. प्रकाश गुप्ता यांनी मुंबईत ३५ वर्षांवरील ९९,५९८ व्यक्तींची पाहणी करून १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात तंबाखू वापरणाऱ्या पुरुषांचे प्रमाण ६९.३ टक्के, तर स्त्रियांचे ५७.५ टक्के आढळले. स्त्रियांचा वापर जवळजवळ सर्वस्वी धूरविरहित तंबाखूचा होता व त्यात मशेरी अग्रभागी होती. ही पाहणी प्रामुख्याने अल्प उत्पन्न गटातील वस्त्यांत झाली होती, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत (२०१६-१७) महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे दिसले. पहिल्या फेरीत (२००९-१०) हे प्रमाण ३१.४ टक्के होते. स्त्रियांमधील प्रमाण दुसऱ्या फेरीत १७ टक्के होते. या फेरीत संपूर्ण भारतातील स्त्रियांचे प्रमाण १४.२ टक्के, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा कमी होते, याउलट पुरुषांच्या बाबतीत महाराष्ट्र (३५.५ टक्के) देशाच्या सरासरीच्या (४२.४ टक्के) खाली होता. राज्यातील स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या या आधिक्यात मशेरीचा हात किती, हा प्रश्न त्यामुळे सहज उपस्थित होतो.

मोजणीत एक अडचण नेहमी येते. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले असता मशेरी लावणारी स्त्री प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. ती तंबाखू खात नाही. ती मशेरी लावते. केसपेपरवर ‘व्यसन नाही’ असे लिहिले जाते. म्हणून प्रश्न ‘मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?’ असाच विचारावा लागतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर

मुंबईच्या चाळींतील व वस्त्यांतील कुटुंबे मध्य रेल्वेच्या मार्गाने उत्तरोत्तर ठाणे जिल्ह्यात सरकली, आणि गावाकडून येणाऱ्या नव्या कुटुंबांनीही मुंबईऐवजी याच पट्ट्यात घर केले. त्यामुळे उल्हास नदीच्या खोऱ्यातील कल्याणपुढील तीन शहरे या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय ठरतात. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार व कुळगाव-बदलापूरची १ लाख ७४ हजार होती.

उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी लष्करी छावणीच्या जागी वसले आणि १९४९ साली त्याला हे नाव मिळाले. कॅम्प क्रमांक १ ते ५ ही त्याची विभागणी आजही व्यवहारात आहे. मशेरी ही सिंधी घरांतील चाल नव्हे. ती येथे रत्नागिरी, रायगड, सातारा, सांगली या भागांतून कामधंद्यासाठी आलेल्या मराठी कुटुंबांबरोबर आली. अंबरनाथ येथे काडेपेटीचा विम्को कारखाना, आयुध निर्माणी व पुढे औद्योगिक वसाहत यांमुळे कामगारवस्ती वाढली. बदलापूर दीर्घकाळ गावाच्या स्वरूपाचे राहिले व उपनगरी गाड्यांच्या आधारे मागाहून शहर बनले. त्याच्या सभोवती आगरी, ठाकूर व कातकरी वस्त्या आहेत. उत्तर भारतातून आलेल्या स्त्रिया आपल्याबरोबर ‘गुल’ हे तंबाखूयुक्त दंतमंजन घेऊन आल्या. गुल डबीतून विकत मिळते, मशेरी घरी भाजतात. वापरण्याची रीत आणि परिणाम सारखेच आहेत.

येथील घरी राहणारी माता रिकामी नसते. पुरुष पहाटेची गाडी पकडतो, मुलांची शाळा असते, पाणी येण्याची वेळ ठरलेली असते. उल्हासनगरातील जीन्स शिवण्याच्या व्यवसायातून धागे कापण्याचे, तसेच पापड लाटण्याचे काम घरोघरी जाते व त्याचे पैसे नगावर किंवा वजनावर मिळतात. बसल्या जागी तासन्‌तास चालणाऱ्या अशा कामात चहा आणि मशेरी हीच विश्रांती ठरते. दारूच्या गुत्त्यावर किंवा पानाच्या टपरीवर उभे राहणे स्त्रीला निषिद्ध आहे. मशेरीसाठी उंबरठा ओलांडावा लागत नाही. घराबाहेर न पडता, कोणाच्या नजरेस न येता, किराणा सामानातच भागणारे दुसरे व्यसन या स्त्रियांना सहसा उपलब्ध नाही.

गर्भावस्था आणि अपत्य

निकोटिन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि प्रसूतीनंतर आईच्या दुधातही उतरते. त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावून गर्भाचा रक्तपुरवठा कमी होतो. धूर नसला म्हणून गर्भ सुरक्षित राहतो, ही समजूत मुंबईत झालेल्या एका अभ्यासाने निर्णायकपणे मोडीत काढली. प्रकाश गुप्ता व श्रीविद्या सुब्रमणी यांनी १,२१७ गर्भवती स्त्रियांची प्रसूतीपर्यंत नोंद ठेवली. त्यांपैकी सुमारे १७ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू, मुख्यत्वे मशेरी, वापरत होत्या. २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या स्त्रियांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी होते व गर्भकाल सरासरी ६ दिवसांनी घटला होता. याच स्त्रियांवरील २००६ च्या लेखात मृतजन्माचे प्रमाण तंबाखू न वापरणाऱ्यांत ३.१ टक्के, तर वापरणाऱ्यांत ८.९ टक्के आढळले. इतर घटकांचा हिशेब करूनही धोका अडीच पटींहून अधिक राहिला. पुढे याच संशोधकांनी गर्भवतींमधील रक्तक्षय व धूरविरहित तंबाखू यांचा संबंधही दाखवून दिला.

१०५ ग्रॅम ही घट कागदावर किरकोळ दिसते. परंतु अडीच किलोच्या उंबरठ्यावर असलेल्या बाळाच्या बाबतीत तीच घट त्याला ‘कमी वजनाचे’ ठरवण्यास पुरेशी असते, आणि रक्तक्षय असलेल्या, अर्धपोटी राहिलेल्या मातांची बाळे बहुधा याच उंबरठ्यावर असतात. ओकाऱ्या थांबाव्यात म्हणून नेमक्या गर्भारपणातच मशेरी सुरू करणे किंवा वाढवणे किती हानिकारक आहे, हे यावरून लक्षात यावे.

मूल रांगू लागल्यावर धोक्याचे स्वरूप बदलते. मोरीच्या कट्ट्यावर किंवा खिडकीत ठेवलेली उघडी डबी लहान मुलाच्या हाती लागून पूड पोटात गेल्यास लाळ गळणे, उलट्या, सुस्ती अशी निकोटिनच्या विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. अशा वेळी घरगुती उपचारांत वेळ न दवडता मुलाला रुग्णालयात नेणे आवश्यक असते. त्याहून मोठ्या मुलांना ‘दात किडू नयेत’ म्हणून आईच आपल्या बोटाने मशेरी लावते, असेही घडते. यामागे माया असते, दुष्टावा नसतो. मात्र बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार वैद्यकीय सल्ल्यावाचून बालकाला तंबाखूजन्य पदार्थ देणे हा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड असलेला गुन्हा आहे. या तरतुदीची जाणीव फारच थोड्या घरांत असेल.

तोंडाचे आजार

हिरड्या मागे सरणे, दात हलणे, तोंडात पांढरे चट्टे उमटणे आणि पुढे हिरडी, गाल किंवा ओठाच्या आतील भागाचा कर्करोग हे प्रमुख परिणाम होत. पूड ज्या जागी रोज ठेवली जाते तेथेच बहुधा चट्टा उमटतो. तीन आठवड्यांत बरा न होणारा व्रण, तोंड कमी उघडणे किंवा तिखट न सोसणे ही लक्षणे दिसल्यास दंतवैद्यकाकडून तपासणी करून घेतली जावी. मशेरीने दात बळकट होतात, या समजुतीला कोणताही आधार नाही. दाढ दुखायची थांबते ती काही काळ. कीड तशीच वाढत राहते.

कायदा

केंद्र सरकारने १९९२ साली औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली अधिसूचना काढून दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास मनाई केली. उत्पादकांनी तिला आव्हान दिले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली लक्ष्मीकांत विरुद्ध भारत सरकार या खटल्यात मनाई कायम ठेवली. २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने अधिनियमाच्या (कोटपा) अनुसूचीत ‘तंबाखूयुक्त दंतमंजन’ याचा स्वतंत्र उल्लेख आहे. या कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तींना तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, तसेच शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत त्यांची विक्री करता येत नाही. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटख्यावर बंदी घातली व नंतर ती सुगंधित तंबाखूपर्यंत वाढवली.

या सर्व तरतुदींतून घरी भाजलेली मशेरी निसटते. तिच्यावर कोणाचे नाव नसते, ती दंतमंजन म्हणून विकली जात नाही आणि साधी तंबाखूची पाने विकण्यास बंदी नाही. एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने व्यापलेला असणे बंधनकारक झाले, आणि पुढे त्यावर व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकही छापला जाऊ लागला. कागदाच्या पुडीत सुटी तंबाखू आणणाऱ्या स्त्रीपर्यंत ते चित्रही पोहोचत नाही आणि तो क्रमांकही.

सोडवणूक

मशेरी सोडताना पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. डोकेदुखी, चिडचिड, झोप न लागणे आणि विशेषतः बद्धकोष्ठ यांमुळे अनेक जणी दुसऱ्याच दिवशी माघार घेतात. हा त्रास तात्पुरता असून दोन ते चार आठवड्यांत ओसरतो, हे आधी सांगितलेले असले तर टिकाव लागण्याची शक्यता वाढते. सकाळी उठताच कोमट पाणी, आहारात पालेभाज्या व फळे, दात घासण्यासाठी साधी टूथपेस्ट, आणि तलफ येते त्या ठराविक वेळी तोंडात बडीशेप किंवा लवंग असे उपाय सुचवले जातात. सुपारी हा पर्याय नव्हे. तीही कर्करोगकारक आहे. निकोटिनयुक्त च्युइंगमसारखी औषधे गर्भवती व स्तनदा मातांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

सासू आणि सून दोघीही मशेरी लावत असल्यास एकटीने सोडणे जवळपास अशक्य असते, कारण भाजणी घरातच होत राहते आणि डबी समोरच असते. टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रतिबंधात्मक कर्करोगशास्त्र विभागाने मुंबईच्या वस्त्यांतील स्त्रियांसाठी तपासणी व तंबाखूमुक्तीचे कार्यक्रम राबवले. त्यांत स्त्रियांच्या वस्तीतच जाऊन, गटागटाने समुपदेशन करण्यावर भर होता. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे (स्थापना १९८६) ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग आहे. मात्र लहान मूल घरी ठेवून महिनाभर केंद्रात राहणे बहुतेक मातांना परवडणारे नसते, आणि मशेरीसाठी तर कोणी त्याचा विचारही करीत नाही. त्यामुळे अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती व प्रसूतिपूर्व तपासणीचा दवाखाना यांचेच स्थान या कामी महत्त्वाचे ठरते: गर्भवती स्त्री नोंदणीसाठी तेथे येतेच, आणि बाळासाठी म्हणून काही सोडण्याची तिची तयारी त्या काळात सर्वाधिक असते.

शाळांमधून चालणारी तंबाखूमुक्त शाळा मोहीम हा दुसरा मार्ग आहे. २००२ साली स्थापन झालेल्या सलाम बॉम्बे फाउंडेशनने महाराष्ट्रातील शाळांत या विषयावर काम केले आहे. शाळेत शिकलेले मूल वडिलांच्या गुटख्याविषयी घरी बोलते. आईची मशेरी हीसुद्धा तंबाखूच आहे, हे पाठात स्पष्टपणे सांगितले नसेल, तर तिच्याविषयी ते बोलत नाही.